‘लवकरच’ म्हणजे नक्की कधी?

नवे काही येणार असले की रायपूर शहरात सगळ्यांत आधी येतो तो क्यूआर कोड. कधी तो तेलीबांध्यापासून नवा रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या होर्डिंगवर असतो, कधी पंडरीच्या कापडबाजारातल्या एखाद्या काचेवर, कधी सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीतून घसरणाऱ्या पत्रकावर. मोबाइल समोर धरला की एक पान उघडते. वर झोकदार चित्र, मधोमध ‘कमिंग सून’ किंवा ‘जल्द आ रहा है’, खाली नाव आणि मोबाइल नंबर मागणाऱ्या दोन चौकटी आणि त्याखाली एक भडक बटण. काय येते आहे ते चित्रावरून ओळखायचे. कधी येते आहे ते कुणी सांगत नाही. नंबर दिल्यावर पुढे काय होणार, हे दुसऱ्या दिवशी भरदुपारी फोन वाजू लागले की कळते. धंद्याच्या भाषेत याला लँडिंग पेज म्हणतात. फ्लॅट असो, दागिन्यांचे दालन असो, शिकवणी वर्ग असो की एखाद्या होतकरू मुलामुलींच्या कंपनीने बनवलेले ॲप असो, वस्तूच्या आधी तिचे पान बाजारात येते. आणि ते पान जमले की फसले, हे मोजायची पट्टी जवळपास सगळीकडे एकच असते: किती नंबर गोळा झाले?

ही पट्टी चुकीची आहे, असे मला वाटते. येणाऱ्या वस्तूचे पान हा एक करार असतो, मग त्यावर कुणाची सही असो वा नसो. अशा वेळी विकणाऱ्याकडे दाखवायला दुकान नसते, हातात द्यायला माल नसतो, ‘अमक्याने घेतला, चांगला निघाला’ असे सांगणारे गिऱ्हाईक नसते. असतो तो फक्त शब्द. म्हणून त्या पानाचे बळ चित्रात किंवा बटणाच्या रंगात फारसे नसते; विकणाऱ्याने स्वतःला कशाकशात बांधून घेतले आहे, यात ते असते. कोणत्या तारखेला, किती किमतीला, किती जणांना आणि चुकले तर जबाबदार कोण, एवढे ज्या पानावर स्पष्ट आहे त्यावर नंबर कमी येतील. पण वस्तू खरोखर आल्यावर पैसे मोजायला त्यांतले बरेच जण हजर राहतील. नंबर देणे फुकट असते. म्हणूनच नुसत्या नंबराची किंमतही तेवढीच असते.

याचा सगळ्यांत ढळढळीत पुरावा देशाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पाहिला. नोएडाच्या रिंगिंग बेल्स या कंपनीने ‘फ्रीडम २५१’ नावाचा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांत देऊ केला. तो हातात घेऊन बघायची सोय कुठल्याच दुकानात नव्हती. होते ते एक संकेतस्थळ आणि त्यावरचा फॉर्म. नोंदणी उघडली त्या सकाळी झुंबड अशी उडाली की संकेतस्थळ कोसळले. सात कोटींहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, असे कंपनीने सांगितले. पैसे भरून झालेल्या नोंदण्या तिच्याच सांगण्यानुसार सुमारे ३० हजार. फोनच्या अनावरण समारंभात वाटलेल्या नमुना फोनवर ‘ॲडकॉम’ या दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाखाली झाकलेले निघाले. गवगवा झाल्यावर घेतलेले पैसे परत करत असल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले आणि वर्षभरात एका वितरकाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून तिच्या संचालकाला अटक झाली. जमलेल्या नंबरांच्या पट्टीने मोजायचे तर भारतात याहून यशस्वी लँडिंग पेज बहुधा झालेले नाही.

हे टोकाचे उदाहरण आहे आणि प्रामाणिक व्यावसायिकाला त्याच पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल. पण अडचण इथेच आहे. प्रामाणिक माणसाच्या पानाचा साचाही बाहेरून तोच दिसतो. तेच चित्र, तेच ‘लवकरच’, त्याच दोन चौकटी. वाचणाऱ्याने दोघांना ओळखायचे कसे? सुंदर चित्र लबाडालाही काढता येते, किंबहुना त्याच्याकडे त्यासाठी जास्त पैसा असतो. विशेषणे तर फुकटच मिळतात. लबाडाला परवडत नाही ती एकच गोष्ट, ज्यावर उद्या बोट ठेवता येईल असे विधान. ‘१५ नोव्हेंबरपासून, ६० जणांसाठी, १२०० रुपयांत; तारीख टळली तर पैसे परत’ हे वाक्य लिहिताना लबाडाचा हात अडखळतो, कारण ते खोटे ठरवणे सोपे आहे. ‘आपल्या स्वप्नांना नवी उंची’ हे वाक्य कधीच खोटे ठरत नाही, आणि म्हणून ते कुणाच्याच उपयोगाचे नाही.

रायपूरकरांना हा तर्क नवा वाटायचे कारण नाही. घरांच्या बाबतीत तो कायद्याच्या पुस्तकात आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे, म्हणजे रेराचे, तिसरे कलम सांगते की प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय त्याची जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही, खरेदीचे निमंत्रणसुद्धा देता येत नाही; सवलत आहे ती पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या छोट्या बांधकामांना. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे हवा, असे अकरावे कलम म्हणते. तेरावे कलम सांगते की लेखी करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येणार नाही. आणि या सगळ्यांत मला महत्त्वाचे वाटते ते बारावे. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर भरपाई द्यावी लागते; त्याला प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह पैसे परत करावे लागतात. जाहिरातीची व्याख्या या कायद्याने इतकी रुंद केली आहे की मोबाइलवरचे पान आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे चित्र तिच्यातून सुटणे कठीण. महाराष्ट्रात महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला, पण तो कोड प्राधिकरणाकडच्या नोंदींकडे नेतो. दोन्ही चौकोन दिसायला सारखेच. एक तुमचा नंबर घेतो, दुसरा तुम्हाला माहिती देतो.

कायद्याला बगल देण्याची रीतही याच पानांवर बघायला मिळते. ‘ही विक्री नव्हे, केवळ इच्छा-नोंदणी’ अशी बारीक अक्षरांतली ओळ टाकून ‘प्री-लाँच’ भाव लावायचे. त्या बारीक ओळीचा अर्थ सरळ आहे: वरच्या मोठ्या अक्षरांशी आम्ही बांधील नाही. घर घेणारा माणूस ती ओळ वाचत नाही, असे धरून चालणारे पान एकदाच चालते.

मराठी वाचकाला खरे तर येणाऱ्या वस्तूची घोषणा कशी करावी, हे कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको. १८८० च्या उत्तरार्धात पुण्यातून ‘केसरी’ निघणार असल्याचे पत्रक प्रसिद्ध झाले, तेव्हा छापलेला अंक एकही नव्हता. होता तो फक्त हेतू: पत्र कशासाठी, त्यात काय असेल, कोणत्या वृत्तीने लिहिले जाईल. आणि त्याखाली सहा नावे: विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे, महादेव बल्लाळ नामजोशी आणि गर्दे. यांतल्या एकालाही पुढे ‘मी नव्हतो’ म्हणायची सोय राहिली नाही. ४ जानेवारी १८८१ ला पहिला अंक आला. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे काम हाती घेतले ते नागपुरात, १९१६ मध्ये, रीतसर लिमिटेड कंपनी काढून. कोश लिहून व्हायचा होता. कंपनीचे भाग विकायचे होते ते योजनेच्या जोरावर. तेवीस खंड पुरे होईपर्यंत केतकरांची जी दमछाक झाली, ती आधी दिलेल्या शब्दाचे ओझे काय असते हे दाखवते. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ हा शब्द तर आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यात काही विशेष आहे, असे वाटतही नाही. पण चांगल्या प्रकाशकाचे ते जुने पत्रक आठवून पाहावे: पृष्ठे अंदाजे किती, बांधणी कोणती, मूळ किंमत काय, सवलतीत किती, पैसे कोणत्या तारखेपर्यंत, पुस्तक कोणत्या महिन्यात, टपालखर्च कुणाचा. सगळे एका कार्डावर मावत असे.

अशा उपक्रमांची दुसरी बाजूही छत्तीसगढच्या मराठी माणसांनी पाहिली आहे. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा इथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तीनही नावे मराठी, भाषा हिंदी, प्रांत छत्तीसगढ. हिंदीतल्या आरंभीच्या कथांत गणली जाणारी सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ याच मासिकात १९०१ मध्ये आली. मासिकाला लौकिक मिळाला, पण पैशाची ओढाताण सुटली नाही आणि १९०२ अखेर ते बंद पडले. माणसे वाईट नव्हती, मजकूर तर मुळीच वाईट नव्हता. लौकिक आणि वर्गणी या दोन वेगळ्या वह्या असतात, एवढेच.

आता आजच्या पानाकडे येऊ, आणि त्यासाठी एखाद्या बड्या कंपनीकडे जायला नको. दिवाळीच्या आधी महिनाभर घरगुती फराळाची नोंदणी घेणाऱ्या बाईंचा व्हॉट्सॲपवरचा निरोप डोळ्यांसमोर आणा. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या परिसरात असे निरोप फिरतात तसेच पुण्याच्या सदाशिव पेठेतही फिरतात. भाजणीची चकली किलोला इतकी, अनारसे नगावर, चिरोटे मोजकेच. ऑर्डर अमुक तारखेपर्यंत, त्यानंतर घेणार नाही. अर्धी रक्कम आगाऊ. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन न्यायचे. खाली नाव आणि फोन. या बाईंनी मार्केटिंगचा अभ्यासक्रम केलेला नसतो, पण किंमत, तारीख, मर्यादा आणि जबाबदार माणूस, चारही गोष्टी आठ ओळींत येतात. ‘चिरोटे मोजकेच’ हे शब्द खरे असतात, कारण करणारे हात दोन असतात. लाखभर रुपये मोजून बनवून घेतलेल्या पानांत यांतल्या दोन गोष्टी सापडल्या तरी खूप.

हीच रीत थोड्या मोठ्या मालाला लावून पाहू. धमतरी जिल्ह्यातल्या नगरी भागाचा सुगंधी दुबराज तांदूळ छत्तीसगढचा अभिमान आहे. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, नगरीकडच्या एखाद्या महिला बचतगटाला नव्या पिकाचा तांदूळ रायपूर-नागपूरच्या घरांत थेट पोचवायचा आहे आणि कापणीच्या आधी पान करायचे आहे. नेहमीचा साचा घेतला तर हिरवे शेत, सूर्योदय, ‘परंपरेचा सुवास, लवकरच आपल्या ताटात’ आणि नंबरची चौकट. आता त्याऐवजी असे लिहिले: धान अजून शेतात उभे आहे, कापणी नोव्हेंबरात, वाळवून, भरडून पिशव्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतील. यंदा आमच्याकडे सुमारे अमुक क्विंटल तांदूळ होईल, त्यापलीकडे नोंदणी घेणार नाही. किलोला अमुक रुपये, पाच किलोची पिशवी, रायपुरात पोचवायचा खर्च यातच धरला आहे. नवा तांदूळ आहे, पाणी कमी घाला, भात मऊसर होईल; मोकळा भात हवा असेल तर पिशवी काही महिने ठेवून मग वापरा. आणि बटणाच्या जागी प्रश्न: तुम्हाला किती किलो हवा? शेवटच्या दोन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष वेधतो. भाताबद्दलची सूचना काही गिऱ्हाइके घालवेल, हे खरेच. पण मोकळ्या भाताची आस धरून आलेला माणूस नाराज होऊन जाण्यापेक्षा न आलेला बरा. आणि ‘किती किलो’ या प्रश्नाला माणूस विचार करून उत्तर देतो. त्या उत्तरांची बेरीज करून पिशव्या शिवायला टाकता येतात. नुसत्या नंबरांची बेरीज करून काय शिवणार?

परदेशातली जी उदाहरणे या विषयात नेहमी सांगितली जातात, त्यांचे मर्मही नीट पाहिले तर हेच आहे. फाइल साठवण्याच्या ‘ड्रॉपबॉक्स’ सेवेचे ड्र्यू ह्यूस्टन यांनी २००८ मध्ये, वस्तू सर्वांसाठी खुली होण्याआधी, ती कशी चालते हे दाखवणारी छोटी चित्रफीत टाकली आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. लोक हा आकडा लक्षात ठेवतात. त्या फितीत विशेषणे नव्हती, फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना दिसत होती, हे मात्र विसरतात. मला त्याहून शहाणपणाची वाटते ती ‘बफर’ या इंटरनेट सेवेची गोष्ट. २०१० मध्ये जोएल गॅसकॉइन यांनी सेवा बनवण्याआधी दोन पाने केली: एक कल्पना सांगणारे, दुसरे ‘अजून तयार नाही, ईमेल ठेवून जा’ म्हणणारे. लोकांनी ईमेल दिले. साधा माणूस इथे खूश होऊन कामाला लागला असता. गॅसकॉइन यांनी दोन पानांच्या मध्ये तिसरे घातले, दरपत्रक. फुकट, थोडे पैसे, जास्त पैसे, असे पर्याय. किती जण पैशाच्या पर्यायावर बोट ठेवतात हे पाहिले आणि मगच सेवा लिहायला घेतली. हे मधले पान म्हणजे मुद्दाम उभारलेला अडसर होता, आणि पुढे जायचे की नाही हे त्या अडसरानेच सांगितले.

यावर पहिला आक्षेप धंदा करणारा घेईल, आणि तो रास्त आहे. किंमत आणि तारीख आधीच सांगितली तर शेजारचा दुकानदार ती वाचून दोन रुपयांनी खाली उतरेल. शिवाय कच्च्या मालाचे भाव वर गेले, परवाना अडकला, तर तोंडघशी पडायचे ते आम्ही. मान्य. पण अनिश्चितता लपवणे वेगळे आणि ती सांगणे वेगळे. नक्की किंमत ठाऊक नसेल तर ‘८०० ते ९५० च्या दरम्यान, ९५० च्या वर नक्की नाही’ असे लिहिता येते. तारीख नसेल तर ‘तारीख कळवण्याची तारीख’ देता येते. शेजाऱ्याच्या भीतीबद्दल म्हणाल, तर ज्या वस्तूचे सगळे भांडवल दोन रुपयांचा फरक आहे तिचे गुपित उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी फुटणारच आहे.

दुसरा आक्षेप अधिक जुना: उत्सुकता विकते. पडदा आधीच सारला तर नाटक बघायला कोण येईल? चित्रपटांच्या बाबतीत हे खरे आहे, आणि एखाद्या नावाजलेल्या कंपनीच्या नव्या फोनच्या बाबतीतही. पण ती उत्सुकता पूर्वी पाळलेल्या शब्दांच्या ठेवीवर काढलेले व्याज असते. ज्याची ठेवच नाही, त्या नवख्याने तोंडाला कुलूप लावले तर बाहेरून ते गूढ वाटत नाही, माल तयार नसावा एवढाच संशय येतो.

तिसरा आक्षेप कुणी उघड घेत नाही, पण पानांवर तोच सगळ्यांत जास्त दिसतो: घाई लावल्याशिवाय माणूस हलत नाही. म्हणून उलटे धावणारे घड्याळ, ‘फक्त ३ जागा शिल्लक’, ‘आत्ता २७ जण हे पाहत आहेत’. पान पुन्हा उघडले की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून धावू लागते, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणे, किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे हे सारे आहे. या क्लृप्त्यांनी क्षणभर आकडा वाढतो, हे मी नाकारत नाही. वाढत नसता तर त्या इतक्या पसरल्याच नसत्या. पण अजून यायच्या वस्तूला त्या विशेष घातक आहेत. तयार माल घाईत विकला तर पैसे तरी हातात पडतात. इथे घाईत फक्त नंबर मिळतो आणि महिनाभराने फोन कराल तेव्हा ती घाई ओसरलेली असते.

चौथा आक्षेप मला स्वतःला अधिक छळतो. पैसे भरून झालेली नोंदणी तरी खरी म्हणावी का? टाटा नॅनोची नोंदणी एप्रिल २००९ मध्ये अवघ्या पंधरा-सोळा दिवसांत २ लाख ३ हजारांवर गेली, सुमारे अडीच हजार कोटी रुपये जमा झाले, गाड्या कुणाला आधी द्यायच्या हे सोडतीने ठरवावे लागले. किंमत स्पष्ट होती, कंपनी नावाजलेली होती, दिलेला शब्द बऱ्याच अंशी पाळलाही गेला. तरी २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादन थांबले. तेव्हा पान बांधील असले म्हणजे वस्तू टिकेल, असा दावा मी करणार नाही. पान वस्तूच्या आयुष्याचे भविष्य सांगत नाही. या किमतीला, या दिवशी, इतक्या लोकांना हे हवे होते, इतकेच ते सांगते. नॅनोच्या नोंदणीने ते खरे सांगितले. बाकीचे प्रश्न, म्हणजे सिंगूरहून साणंदला हलवावा लागलेला कारखाना आणि ‘सगळ्यांत स्वस्त गाडी’ हा शिक्का, पानाच्या आवाक्याबाहेरचे होते.

राहिला तो नंबर. तो देताना माणूस काय देतो, याचा विचार पान बनवणारे क्वचितच करतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळी, विशिष्ट आणि समजून दिलेली हवी. माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगायला हवे. आणि ती सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला हवा. त्या बावीस भाषांत मराठी आहे, हिंदी आहे. छत्तीसगढी नाही, जरी राज्याने तिला २००७ मध्ये राजभाषेचे स्थान दिले असले तरी. कायद्याने सक्ती केली नाही म्हणून दुकानदाराने तिला विसरावे, असे मात्र नाही. रायपुरातल्या नव्या कंपन्यांची पाने इंग्रजीत असतात ती बहुतेक वेळा गिऱ्हाइकासाठी नसतात. बंगळूरुच्या गुंतवणूकदाराला बरे दिसावे म्हणून असतात. ज्याला वस्तू विकायची तो हिंदीत भाव करतो आणि घरी छत्तीसगढीत सल्ला घेतो. ‘हा नंबर एकदाच, माल आल्याचे कळवायला वापरू, नंतर पुसून टाकू’ एवढी ओळ त्याच्या भाषेत असेल, तर ती दहा रंगीत चित्रांचे काम करते. अर्थात, ती खरी असली पाहिजे.

कुणी विचारेल, हे सगळे व्हॉट्सॲपवर आणि रीलमध्ये होतच असते, मग वेगळे पान हवेच कशाला? फराळवाल्या बाईंना खरेच नको. त्यांचे गिऱ्हाईक त्यांना ओळखते. पण गाव मोठे झाले, गिऱ्हाईक अनोळखी झाले की निरोप फॉरवर्ड होता होता त्यातली तारीख गळते, जुना भाव नव्या महिन्यात फिरतो, आणि रील तर दोन दिवसांत खाली बुडते. पानाला एक पत्ता असतो. जे लिहिले ते तिथे उभे राहते, आणि उद्या कुणाला दाखवायचे झाले तर दाखवता येते. ते हलके मात्र हवे. मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर निम्म्याहून अधिक लोक सोडून जातात, असे गूगलने २०१६ मध्येच सांगून ठेवले आहे. तरी लोक पहिल्या पडद्यावर ड्रोनने काढलेला जड व्हिडिओ लावतात आणि किंमत तळाशी ढकलतात.

सगळ्यांत दुर्लक्षित राहते ते पानाचे उत्तरायुष्य. तारीख टळली तर काय? ओला इलेक्ट्रिकने जुलै २०२१ मध्ये ४९९ रुपये परत मिळण्याच्या बोलीवर स्कूटरची नोंदणी उघडली, चोवीस तासांत लाखभर नोंदण्या आल्याचे जाहीर केले. मग संकेतस्थळाच्या अडचणींमुळे विक्री आठवडाभर पुढे गेली आणि गाड्या रस्त्यावर यायला डिसेंबर उजाडला. उशीर कुणालाही होतो. बहुतेक पाने तेव्हा काय करतात, तर जुनी तारीख गुपचूप पुसून नवी घालतात, किंवा पुन्हा ‘लवकरच’वर येतात. त्याऐवजी जुन्या तारखेवर काट मारावी, ती वाचता येईल अशी ठेवावी, शेजारी नवी लिहावी आणि खाली एक ओळ की का. आणि वस्तू येऊन गेल्यावरही पान मोडू नये. नगरीच्या त्या बचतगटाचे पान फेब्रुवारीत कसे दिसेल? यंदाचा तांदूळ संपला. इतक्या घरांनी मागितला होता, इतक्या घरांत पोचला, इतक्या पिशव्या उशिरा गेल्या, त्यांचे पैसे परत केले. पुढचे धान आषाढात लागेल, कापणी अगहनात, म्हणजे नोव्हेंबरात. हवा असेल तर किती किलो, ते लिहून ठेवा.